कॅराव्हॅनमधला गॅसचा फ्रिज काढून घरचा बसवायचा तर

प्रश्न साताऱ्याहून आलाय. निवृत्त शिक्षक नवरा-बायको. दोन वर्षांपूर्वी ट्रॅव्हलरवर बांधलेली जुनी कॅराव्हॅन विकत घेतली. तिच्यात गॅस, १२ व्होल्ट आणि घरची वीज अशा तिन्हींवर चालणारा ९० लिटरचा परदेशी फ्रिज आहे. दिवाळीत बामणोलीला धरणाच्या काठावर तीन रात्री मुक्काम केला, तेव्हापासून तो गार होत नाही; मागची बाजू मात्र तापते. गावातला मेकॅनिक म्हणतो, गॅस संपलाय, भरून देतो. दुकानदार म्हणतो, घरचा १८५ लिटरचा घ्या, 'इन्व्हर्टर फ्रिज' आहे, बॅटरीवर आरामात चालेल. गाडीत १०० एएचची (अँपिअर-तासांची) एक लिथियम बॅटरी आणि घरून काढलेला जुना इन्व्हर्टर आहे. काय करावं?

सर, आधी त्या मेकॅनिकला थांबवा. हात लावू देऊ नका.

त्याचा दोष नाही. त्याने आयुष्यभर कॉम्प्रेसरचे फ्रिज पाहिलेत. गार होत नाही म्हणजे गॅस गेला, हे त्याचं गणित तिथे बरोबरच असतं. पण तुमच्या फ्रिजला कॉम्प्रेसरच नाही. गॅस भरायची नळीही नाही. तुम्ही सिलिंडर जोडता तो गॅस फक्त खाली जाळायला. गार करणारा माल वेगळा आणि तो कारखान्यातच भरून, वेल्डिंग करून कायमचा बंद केलेला असतो. त्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन, तेही वीस-पंचवीस बार दाबाखाली. ही नळी कापून कुणी काही भरायला गेला तर फ्रिज राहील बाजूला, माणूस दवाखान्यात जाईल.

मी या धंद्यात शिरलो तो तासगावच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हेल्पर म्हणून. तिथे मोठा अमोनिया प्लान्ट होता. व्हॉल्व्हचं पॅकिंग जरा सैल झालं की डोळ्यांतून पाणी आणि घशात मिरची. तो वास एकदा नाकात बसला की जन्मभर ओळखू येतो. म्हणून तुम्हाला पहिला प्रश्न हाच: फ्रिजच्या आत किंवा मागे तसा उग्र वास येतो का? आणि मागच्या नळ्यांवर कुठे पिवळी पूड किंवा पिवळा डाग दिसतो का? नळ्या आतून गंजू नयेत म्हणून त्या मिश्रणात सोडियम क्रोमेट घातलेलं असतं, ते पिवळं. गळती झाली की तेच बाहेर येऊन वाळतं. पिवळं दिसलं तर विषय संपला. हात लावू नका, ती पूड विषारी असते. खिडक्या उघडा आणि फ्रिज बंद ठेवा.

पण मला वाटतं, तुमच्याकडे गळती नसावी. तुम्ही लिहिलंय, 'मागची बाजू तापते'. आणि बामणोलीच्या तीन रात्री. तिथे काठावर सपाट जागा कुठे मिळते? गाडी एका अंगाला कललेली असणार आणि फ्रिज रात्रभर चालू.

हा फ्रिज चालतो कसा ते सांगतो, म्हणजे दुखणं कळेल. खाली एक छोटा बॉयलर. ज्योतीने किंवा हीटरने तो तापला की पाण्यात विरघळलेला अमोनिया उकळून वर जातो. मागच्या वरच्या जाळीत तो थंड होऊन पातळ होतो, मग फ्रिजच्या आतल्या नळीत उतरतो. तिथे हायड्रोजन भरलेला असतो, त्याच्या संगतीत अमोनिया कमी उष्णतेतही भराभर उडतो आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातो. पुढे खालच्या वेटोळ्यात पाणी त्याला परत पिऊन घेतं आणि सगळं पुन्हा बॉयलरकडे येतं. पंप नाही, मोटर नाही, आवाज नाही. प्लाटेन आणि मुंटर्स या स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ च्या सुमारास ही युक्ती काढली आणि पुढे इलेक्ट्रोलक्सने ती विकत घेतली. वीज पोहोचली नव्हती अशा ठिकाणच्या दवाखान्यांत रॉकेलवर चालणारे फ्रिज असायचे, ते याच जातीचे.

पंप नाही म्हणजे सगळा प्रवाह उतारावर अवलंबून. गाडी तीन-चार अंशांपेक्षा जास्त कलली की पातळ माल नळीत मध्येच तुंबतो, बॉयलर कोरडा पडतो आणि हीटर मात्र तापतच राहतो. मग ते क्रोमेट करपून नळीत खडा धरतं. एकदा खडा धरला की पुढे गाडी कितीही सपाट लावा, वाट बंद. चालत्या गाडीत असं होत नाही, कारण हिसक्यांनी माल हलत राहतो. मारतो तो कललेला मुक्काम.

खात्री करून घ्या, खर्च काही नाही. गाडी अगदी सपाट लावा. फ्रिजमध्ये पाण्याने भरलेली बशी ठेवा, ती तुमची लेव्हल बॉटल. घरच्या विजेवर तीन तास चालवा. मग मागची झडप उघडून हात न भाजता अंदाज घ्या. बॉयलर गारच असेल तर फक्त हीटर गेलाय. मीटरवर तपासा: २३० व्होल्टचा सव्वाशे वॅटचा हीटर सव्वाचारशे ओहमच्या आसपास दाखवतो, १२ व्होल्टचा जेमतेम सव्वा ओहम. हीटर मिळतो, बदलता येतो. बॉयलर सणसणीत आणि वरची जाळी मात्र थंड, तर नळी तुंबली. बॉयलर गरम, जाळीही गरम, आणि तरी आत गार नाही, तर बहुतेक वारा खेळत नाही. मागची जाळी कुंभारमाशीच्या घराने नाहीतर लाल धुळीने बंद झालेली असते. हे तिसरं दुखणं आपल्याकडे फार आणि ब्रशने बरं होतं.

तुंबलेल्याला एक जुना उपाय आहे: फ्रिज गाडीतून काढून एक दिवस उलटा, मग आडवा, मग पुन्हा सरळ उभा ठेवायचा, आतला माल हलावा म्हणून. मी दोनदा केला. एकदा एक हंगाम निघाला, एकदा काहीच नाही. हौस असेल तर करा.

समजा तो सुधारला, तरी मी तो ठेवा असं म्हणेन का? खरं सांगायचं तर नाही. हे फ्रिज थंड देशांच्या उन्हाळ्यासाठी बनलेले. बाहेरच्या हवेपेक्षा वीस-बावीस अंश खाली नेणं ही त्यांची ताकद. महाबळेश्वरला २५ अंशांत दूध छान राहील. सांगली-मिरजेत एप्रिलमध्ये ४० झालं की आत १८-२० राहणार, म्हणजे ताक आंबणार. वर सिलिंडर आणि उघडी ज्योत. गाडी चालू असताना ती विझवायचीच, पेट्रोल पंपावर तर आठवणीने. आणि १२ व्होल्टवर तो दहा अँपिअर सतत ओढतो, म्हणजे उभ्या गाडीत तुमची १०० एएचची बॅटरी दहा-अकरा तासांत कोरडी. ती सोय फक्त गाडी पळत असतानाची आहे.

तेव्हा बदला. पण मनात एक गोष्ट पक्की ठेवा: आजवर तुमचं गारपण सिलिंडरमधून येत होतं, आता ते बॅटरीतून येणार. फ्रिज पंधरा-वीस हजारांत येईल, खरा खर्च त्याच्या मागच्या विजेचा. लोक इथेच फसतात आणि मग फ्रिजला नावं ठेवतात.

दुकानदाराच्या 'इन्व्हर्टर फ्रिज'वरून सुरुवात करू. यात इन्व्हर्टर म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारं सर्किट. तुमच्या बॅटरीवरच्या इन्व्हर्टरशी त्याचा संबंध नाही. शब्द तेवढा एक. तरी तो घ्या, पण वेगळ्या कारणासाठी. साधा कॉम्प्रेसर चालताना ९०-१०० वॅट घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या सहा-सात पट. हा झटका छोटा इन्व्हर्टर सोसत नाही. टक टक करून बंद पडतो. वेग बदलणारा कॉम्प्रेसर हळू उठतो, झटका जवळजवळ नसतो.

आता हिशेब मांडू. वही घ्या, सर.

फ्रिजच्या दारावर तारे असलेलं जे लेबल असतं, त्यावर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात. समजा १७५. एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास. भागिले ३६५, म्हणजे दिवसाला साधारण ४८० वॉट-तास. तो आकडा प्रयोगशाळेतला. गाडीत ऊन लागतं, दार दर अर्ध्या तासाने उघडतं, नातवंडं असली की जास्त. मी निम्मा वर चढवतो: ७२०. इन्व्हर्टर १२ चे २३० करताना काही खातो, ते धरून सव्वाआठशे. इथपर्यंत सगळे करतात.

पुढचा आकडा बहुतेक जण विसरतात. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्यावर काहीही लावलं नाही, तरी तो वीज खातो. लहान, चांगल्या बनावटीचा असेल तर १०-१२ वॅट. मोठा असेल तर २०-२५ सुद्धा. फ्रिज चोवीस तास हवा म्हणजे इन्व्हर्टरही चोवीस तास. १२ गुणिले २४, म्हणजे २८८ वॉट-तास. मोठा असेल तर ५००-६००, म्हणजे लेबलावरच्या फ्रिजएवढं अन्न हा मधला माणूसच खाऊन जातो.

लहान इन्व्हर्टर धरून बेरीज अकराशेच्या आसपास. तुमची १०० एएचची लिथियम म्हणजे १०० गुणिले १२.८ व्होल्ट, १२८० वॉट-तास, वापरण्याजोगे हजार-अकराशे. म्हणजे संध्याकाळी भरलेली बॅटरी दुसऱ्या संध्याकाळपर्यंत जेमतेम, दिवे-पंखे-मोबाइल सोडून. घरची १५० एएचची ट्युब्युलर, म्हणजे ॲसिडवाली जड बॅटरी, लावायची म्हणाल तर कागदावर १८०० दिसतात, पण ती निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, तेव्हा ९०० धरा. वजन वेगळंच. फ्रिज ठेवायचाच तर लिथियम २०० एएच करा, मग दोन दिवस बिनघोर. दुसरी जोडताना जुनी पूर्ण भरून घ्या आणि दोन्हींचा व्होल्टेज सारखा आहे ते पाहा. शक्यतो एकाच बनावटीच्या घ्या.

घरून काढलेला इन्व्हर्टर गाडीतून उतरवा. तो बहुधा स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे ओबडधोबड वीज देणारा असणार. त्यावर कॉम्प्रेसर गुरगुरतो, तापतो आणि फ्रिजच्या इलेक्ट्रॉनिक कार्डाचं काही खरं नसतं. शिवाय त्याचा चार्जर ट्युब्युलर बॅटरीसाठी आहे, लिथियमच्या पोटाला तो मानवत नाही. फ्रिजसाठी प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्यासारखी वीज देणारा, पाच-सहाशे वॅटचा छोटा इन्व्हर्टर घ्या आणि त्याच्यावर फक्त फ्रिज ठेवा. काकूंना मिक्सर किंवा इंडक्शन चालवायचं असेल तर त्यासाठी मोठा वेगळा, काम झालं की बंद. एकच मोठा घेऊन सगळं त्यावर टाकायचा मोह होतो; मीही एका गाडीत तसंच केलं होतं. मालक तिसऱ्या दिवशी पाटणहून फोन करतोय, बॅटरी खाली, फ्रिज बंद. तपासलं तर इन्व्हर्टर रिकामाच २६ वॅट ओढत होता. दोन इन्व्हर्टरचा खर्च थोडा जास्त, पण रोज तीन-चारशे वॉट-तास वाचतात.

६०० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर पन्नास-साठ अँपिअर. बॅटरी ते इन्व्हर्टर अंतर एक मीटरच्या आत ठेवा, केबल २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची. पातळ घातली तर उमेद तारेतच संपते: कॉम्प्रेसर उठताना व्होल्टेज बसतो आणि इन्व्हर्टर 'लो बॅटरी' म्हणून ओरडतो, बॅटरी भरलेली असूनसुद्धा. ८० किंवा १०० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या प्लसला अगदी लागून. इन्व्हर्टरकडच्या टोकाला लावला तर मधली तार उघडी पडल्यावर आग लागायची ती लागतेच.

भरायचं कसं? छपरावर ३३० वॅटचं पॅनेल सपाट पडलेलं असेल तर साताऱ्यात निरभ्र दिवशी अकराशे वॉट-तासांच्या आसपास देतं. फ्रिजचं भागलं. पण झाडाखाली गाडी लावली की संपलं, आणि तुम्ही उन्हात लावणार नाही हे मला माहीत आहे. जुलैत महाबळेश्वरला तर, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथे पॅनेलवर धुकंच बसलेलं असतं. म्हणून चालत्या गाडीच्या अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या जनरेटरवरून, बॅटरीला हव्या त्या व्होल्टेजने भरणारा डीसी-डीसी चार्जर हवाच. ३० अँपिअरचा पुरे. सातारा ते महाबळेश्वर दोन तास धरले तर सहाशे-आठशे वॉट-तास पोटात पडतात. नव्या गाड्यांचा अल्टरनेटर हुशार असतो, मनाला येईल तेव्हा व्होल्टेज उतरवतो. म्हणून साधा आयसोलेटर रिले, म्हणजे दोन बॅटऱ्या नुसत्या जोडणारा स्विच, लावून भागवू नका.

कृषी पर्यटन केंद्रात किंवा कुणाच्या मळ्यात बाहेरची वीज घ्याल तेव्हा बदलीचा स्विच असा लावा की इन्व्हर्टरची आणि बाहेरची वीज कधीच एकत्र येणार नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) आणि गाडीच्या पत्र्याला अर्थिंग, हे दोन्ही इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या; इथे काटकसर नको. शिवाय वीज अशी गेली-आली की कॉम्प्रेसरला तीन-चार मिनिटं दम लागतो. नव्या फ्रिजमध्ये ती वेळ धरलेली असते, जुन्यात नसते.

कुणी विचारेल, १२ व्होल्टवर थेट चालणारा कॉम्प्रेसर फ्रिजच का घेऊ नये? विचार रास्त आहे. मधला इन्व्हर्टर जातो, रोजची मागणी पाच-सहाशे वॉट-तासांवर येते, बॅटरी लहान चालते. पण किंमत घरच्याच्या दुप्पट-तिप्पट, लिटर कमी, आणि बिघडला तर सुटा भाग मागवून वाट बघत बसा. घरच्याचा कोणताही भाग साताऱ्यात संध्याकाळपर्यंत मिळतो. महिन्यातून दोन-तीन दिवस फिरणार असाल तर घरचा. महिना-महिना रानात राहणार असाल तर १२ व्होल्टचा. तुमच्या पत्रावरून तुम्ही पहिल्यात बसता.

मापाचं मात्र नीट बघा. तुमच्या जुन्या फ्रिजचा कप्पा सव्वापाचशे मिलिमीटर रुंद आणि आठशे-सव्वाआठशे उंच असावा. १८५ लिटरचा एक दारी फ्रिज रुंदीला ५३० ते ५५०, उंचीला साडेअकराशे ते साडेबाराशे, खोलीला हँडलसकट ६२० ते ६७०. म्हणजे वरचं कपाट तोडावं लागणार आणि फ्रिज वाटेत शंभर मिलिमीटर पुढे येणार. ९०-१०० लिटरचा छोटा घेतला तर कप्प्यात मावेल. पण हे छोटे फ्रिज विजेला छोटे नसतात. भिंती पातळ, तारे कमी. वर्षाचे युनिट कधीकधी १८५ वाल्याइतकेच. दुकानात लिटर बघू नका, लेबल बघा. दोघांपुरता हवा असेल आणि कपाट तोडायला काकूंची ना असेल, तर छोटा घ्या. मला स्वतःला मोठा आवडतो. त्यात खाली पाण्याच्या सहा बाटल्या भरून ठेवल्या की रात्रभर कॉम्प्रेसर कमी उठतो.

पैसे द्यायच्या आधी एक दोरी घेऊन गाडीच्या दाराची रुंदी मोजा. हसू नका. इस्लामपूरच्या एका गृहस्थांनी फ्रिज आणला, कप्पा तयार, आणि दारातून तो आतच जाईना. शेवटी मागची काच काढली. दार कुठल्या बाजूला उघडतं तेही बघा. एक दारी फ्रिजमध्ये बिजागरी बदलायची सोय बहुधा नसते.

आपोआप बर्फ वितळवणारा दोन दारी घेऊ नका. त्यात बर्फ काढायला हीटर असतो, तो दीडशे-दोनशे वॅटचा घास बॅटरीतूनच घेणार. एक दारी, बटण दाबून बर्फ काढायचा, तोच बरा. फक्त त्याचं पाणी मागे कॉम्प्रेसरच्या वरच्या तबकडीत साठतं. घरी ते आपोआप सुकतं. पसरणी घाटाच्या वळणावर ते सांडतं आणि खाली वायरिंग असतं. तबकडीत स्पंजचा तुकडा ठेवा आणि निघण्याआधी पिळून टाका.

बसवण्याचं काम घाईत होतं आणि नंतर भोवतं, म्हणून इथे जरा थांबतो.

फ्रिजच्या बाजूच्या पत्र्याला स्क्रू मारू नका. कुठेच. आजकालच्या फ्रिजमध्ये गरम नळी मागे उघडी नसते, ती बाजूच्या पत्र्याच्या आतून वेटोळे घेत जाते. म्हणून तर बाजू कोमट लागतात. पहिल्यांदा गाडीत फ्रिज बसवला तेव्हा पट्टी धरायला मी बाजूला ड्रिल लावलं. फुस्स. नवा कोरा फ्रिज, अर्ध्या मिनिटात रिकामा, आणि भरपाई माझ्या खिशातून. आता तर आत आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा. चाळीस-पन्नास ग्रॅमच असतो, पण बंद गाडीत ड्रिलची ठिणगी आणि तो वायू एकत्र नकोत.

मग धरायचं कसं? खाली ॲंगलची चौकट करून ती गाडीच्या फ्लोअरच्या आडव्या मेंबरला बोल्टने बांधा, नुसत्या प्लायला नाही. चौकटीत रबराच्या पट्ट्या, त्यावर फ्रिज, पाय काढून. तळाला जिथे मूळ पाय आटे घालून बसतात तीच भोकं वापरून बोल्ट घ्या. वर दोन रुंद पट्टे, ट्रकला ताडपत्री बांधायचे रॅचेटवाले, फ्रिजच्या अंगावर फोम ठेवून मागच्या भिंतीला. ब्रेक लागला की पस्तीस किलोचा फ्रिज आणि आतलं पंधरा किलो सामान पुढे येणार, हे धरून चला.

वारा: दोन्ही बाजूंना ५० मिलिमीटर, मागे ७५, वर शंभर. कप्प्यात ठासून बसवला तर फ्रिज गार करेल, पण कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेणार नाही आणि आपला सगळा हिशेब वाया. खाली समोरच्या पट्टीत जाळी आणि मागे संगणकातला एक १२ व्होल्टचा पंखा, दोन वॅटचा. एवढ्याने फरक पडतो.

जुन्या फ्रिजसाठी गाडीच्या बाहेरच्या पत्र्याला वर-खाली दोन झडपा असतील. काही जण वरची ठेवतात, उष्णता जाईल म्हणून. आपल्या रस्त्यांवर मी दोन्ही बंद करतो: आतून ॲल्युमिनियमचा पत्रा, सीलंट, रिव्हेट. धूळ आणि पाऊस आत घेऊन काय करायचंय? पण एक भोक चुकूनही बुजवू नका. गॅसच्या शेगडीजवळ फ्लोअरला जे भोक आहे, ते एलपीजी बाहेर पडण्यासाठी आहे. हा वायू हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. जुन्या फ्रिजची गॅसची फांदी कापून, चिमटून, टेप गुंडाळून ठेवायची नाही. पितळेचं बंद टोपण आट्यांवर बसवा आणि साबणाच्या फेसाने तपासा. शक्य असेल तर फांदी मूळ टी पासूनच काढून टाका. गाडीच्या नोंदणीत गॅसजोडणीचा उल्लेख असेल तर हा बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

दार! घरच्या फ्रिजचं दार नुसत्या चुंबकाच्या रबरावर बंद राहतं. खंबाटकीत ते राहत नाही. मी बसवलेल्या दुसऱ्याच गाडीत आंबेनळीच्या वळणावर दार उघडलं आणि चार लिटर दही गाडीभर झालं. मालकाने गाडी धुतली, पण पुढे वर्षभर ऊन तापलं की वास यायचा. वर आणि खाली असे दोन पट्टे लावा, दाराला चिकटणारे, स्क्रूचे नाही. काचेचे कप्पे काढून घरी ठेवा, त्या जागी पॉलिकार्बोनेटचे कापून घ्या. दारातला अंड्यांचा ट्रे काढा, अंडी डब्यात. आणि निघण्याआधी जड सगळं खालच्या भाजीच्या कप्प्यात.

मागे कॉम्प्रेसरजवळ बारीक तांब्याच्या नळ्या एकमेकींना लागत असतील तर मध्ये रबराचा तुकडा घालून केबल टायने बांधा. घरात त्या दहा वर्षं लागून राहतात; गाडीत हजार किलोमीटरमध्ये घासून भोक पडतं. माझ्याकडे परत आलेल्या गाड्यांत सर्वांत जास्त हेच निघालं.

औषधं ठेवणार असाल तर एक सांगतो. लोणंद-फलटणच्या टप्प्यावर चालणाऱ्या एका दिंडीच्या गाडीत मी असाच फ्रिज बसवून दिला होता, वारकऱ्यांचं इन्सुलिन ठेवायला. पहिल्याच मुक्कामाला निम्म्या कुप्या गोठल्या. कुणीतरी गार राहावं म्हणून फ्रीझरला चिकटवून ठेवल्या होत्या. गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यावं लागतं. ते २ ते ८ अंशांत हवं. मधल्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात, मागच्या भिंतीपासून लांब ठेवा, सोबत शंभर-दीडशेचा डिजिटल थर्मामीटर. रात्री थंडीत डायल कमी करा.

आणल्यावर फ्रिज आडवा पडून आला असेल तर लगेच लावू नका. सहा-आठ तास उभा राहू द्या, कॉम्प्रेसरचं तेल खाली उतरतं. मग घरासमोर बाहेरच्या विजेवर एक दिवस, नंतर फक्त बॅटरीवर एक रात्र, आणि सकाळी बॅटरीत किती उरलं ते वहीत लिहा. मग यवतेश्वर चढून कासपर्यंत जाऊन या. परत आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, पट्टे तपासा, मागे हात फिरवून काही घासतंय का बघा. पहिल्या फेरीनंतर काहीतरी सैल होतंच.

राहिला जुना फ्रिज. भंगारवाल्याला तसाच देऊ नका. तो गॅसकटर घेऊन तांबं-लोखंड वेगळं करायला बसेल आणि त्याला माहीत नाही की आत दाबाखाली अमोनिया आणि हायड्रोजन आहे. मागच्या युनिटवर ऑइल पेंटने मोठ्या अक्षरात 'अमोनिया, कापू नये' लिहा आणि ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत माणसाकडे द्या. तुमच्याकडे तसा कुणी सापडेना तर सांगलीला येताना गाडीत टाकून आणा. त्याचं दार, कप्पे, थर्मोस्टॅट आणि चांगला असला तर हीटर मी काढून ठेवीन, बाकीच्याचं पुढे बघतो.